अडतीस लाखांची न फुटणारी संख्या

"सातानं भागून पाहिलीस?"

"पाहिली, गुरुजी."

"अकरानं?"

"अकरानं, तेरानं, सतरानं... सातापासून थेट एकोणीसशे त्र्याहत्तरापर्यंत एकही मूळ संख्या सोडली नाही. त्यापुढच्या मूळ संख्येचा वर्गच हिच्याहून मोठा, म्हणून पुढे पाहायची गरजच नाही."

नृसिंहशास्त्री वालाच्या डाळिंब्या सोलत ओसरीवर बसले होते. त्यांच्या पाठशाळेचा रिवाजच होता. जाणाऱ्या शिष्याने स्वतः शोधलेली एक मोठी मूळ संख्या गुरूंपुढे ठेवायची. एक आणि ती स्वतः, यांखेरीज कुणालाही दाद न देणारी. ती पसंत पडली तरच स्वतःची पाठशाळा काढायची परवानगी. आज समोर बसलेल्या श्रीपतीच्या गावाने तर शाळेचं छप्परही घालून ठेवलं होतं. दसऱ्याला शाळा उघडतो असा शब्द तो देऊन बसला होता, आणि दसरा परवावर आला होता.

त्याची संख्या होती ३८,९९,१२७. अख्खा पावसाळा तो तिच्यामागे लागला होता. तिच्यावर जीवच जडला होता म्हणा ना. जेवतानाही तो तिच्याबद्दलच बोले, त्यामुळे बाकीचे शिष्य हल्ली पानं उचलून दुसऱ्या पंगतीला जात.

शास्त्रीबुवांनी परात पुढे सरकवली. संख्येतला एकेक अंक म्हण आणि तितके दाणे पाटावर ठेव, म्हणाले.

हा पोरखेळ कशासाठी, श्रीपतीला कळेना. पण परवानगी हवी होती. त्याने तीन दाणे ठेवले. मग आठ, मग नऊ, पुन्हा नऊ, एक, दोन, सात.

"आता तीन सारखे वाटे कर."

श्रीपतीला हसू आलं. दोन, तीन आणि पाच यांच्या वाटेला तो गेलाच नव्हता. ते बिगरीतल्या पोरांचं काम. त्याच्यासारख्याने तीनने भागत बसायचं म्हणजे...

तो वाटे करू लागला. पहिल्यात तेरा दाणे. दुसऱ्यात तेरा. तिसऱ्यात टाकता टाकता त्याचा हात मंदावला.

तेरा.

पाटावर एकही दाणा उरला नाही.

अंकांच्या बेरजेला तीनने भाग गेला की संख्येलाही जातो, हे त्यानेच धाकट्या शिष्यांकडून कितीदा घोकून घेतलं होतं. चुकलं की कानही पिळले होते.

आता त्याचेच कान तापले.  तो कसाबसा म्हणाला, की गावाला तोंड दाखवण्यासारखं राहिलं नाही. अजून वर्षभर इथंच राहतो, दुसरी संख्या शोधतो.

शास्त्रीबुवांनी दाणे गोळा करून परातीत टाकले.

"कशाला? जा. परवानगी आहे."

"पण संख्या..."

"हीच ने. शाळेच्या दारावर मोठ्या अंकांत लिही. वाचून जे पोर हसेल, त्याला आधी आत घे."