चिचुंद्रीचा वाळ्याचा फवारा

फार जुन्या काळातली वैशाख वद्य पंचमी होती. उकाडा होता, वारा अजिबात नव्हता. घामाच्या वासावरून टोमणे ऐकून कंटाळलेली चिचुंद्री उदमांजराच्या दुकानात गेली. मागे एकमेकांच्या शेपट्या तोंडात धरलेली, डोळ्यांनी अधू अशी तिची पाच पिल्ले होती.

"घाम थांबवणारा फवारा दाखवा. मोगरा नको, डोकं दुखतं. चंदन नको, सासूबाई आठवतात."

"मग वाळा घ्या, वहिनी."

वाळा तिला फार आवडला. तिने तो अंगभर मारला. थोरल्याने लगेच तिची शेपटी सोडली.

"चला रे घरी!"

"आमची आई आली की जाऊ, मावशी."

चिचुंद्री रडकुंडीला येऊन दुकानामागच्या डबक्याकडे धावली. चौथ्या डुबकीनंतर ती पिल्लांकडे परतली, तेव्हा थोरल्याने तिची शेपटी हुंगली आणि तोंडात धरली. दिवेलागणीच्या आत सहाही जणे घरी पोचली.