हाकेचा आड

खडकमाळ गावात शिरताना मारुतीच्या देवळाच्या अलीकडे एक आड लागतो. तोंड लहान, काठ काळ्या दगडाचा, एका बाजूने थोडा ढासळलेला. वाकून पाहिले तरी पाणी दिसत नाही, कारण हा आड सरळ खाली गेलेला नाही. निम्म्यावर खडक लागला तेव्हा खोदणाऱ्यांनी त्याला वळसा घातला आणि तिथे खडकाची एक धारदार कपार पुढे आलेली राहिली. याला हाकेचा आड म्हणतात. इथे आले की गाडीवाला हॉर्न वाजवत नाही, वाजंत्री वाजवायचे थांबतात, आणि निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराची गाडी शंभर पावले अलीकडेच भोंगा बंद करते. नव्या माणसाला वाटते, गाव मोठे भाविक दिसते. देवळातले भिकू गुरव त्याला पायरीवर बसवून घेतात आणि तसे काही नसल्याचे सांगतात.

गोष्ट फार पूर्वीची आहे म्हणे. किती पूर्वीची, ते वर्ष गावात कोणी सांगत नाही. अभिमानाची गोष्ट असली की खडकमाळला तिची तिथीसुद्धा पाठ असते. लाजेच्या गोष्टी तेवढ्या फार पूर्वी घडलेल्या असतात. तशीच ही एक आहे.

त्या काळी गावात तायाप्पा आणि हैबती नावाचे दोन दोस्त होते. विहिरी-आडांचा गाळ काढणे हा त्यांचा धंदा. हैबती शिडशिडीत, तो कमरेला दोर बांधून खाली उतरायचा. तायाप्पा अंगाने दांडगा, तो काठाला पाय रोवून दोर धरायचा. वीस वर्षांत हैबतीने उतरताना एकदाही वर पाहून ‘धरलास ना?’ असे विचारले नव्हते. तायाप्पाला या गोष्टीचा मनातून फार अभिमान होता, पण तो त्याने कधी बोलून दाखवला नाही.

त्यांच्या कामाला एक शिस्त होती. आडात आवाज घुमतो. ‘ओढ’ आणि ‘सोड’ वर एकसारखेच ऐकू येतात. म्हणून गाळाचे घमेले भरले की हैबती त्यावर खुरपे वाजवायचा. ठण्ण झाले की तायाप्पा ओढायचा. पण स्वतः हैबतीला वर यायचे असले, की तो नाव घेऊन हाक मारायचा, ‘तायाप्पा’. गाळाला आणि माणसाला एकच खूण नको, हे तायाप्पाच्या बापाने घालून दिले होते. खालचा माणूस दोरात नीट बसला आहे की नाही हे वरच्याला दिसत नाही, म्हणून नाव ऐकल्याशिवाय माणूस ओढायचा नाही. दोराला हिसका देऊन कळवावे, तर या आडात तो वर पोचतच नसे. सगळा कपारीवर जिरायचा.

मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. दोन पॅनेल उभी राहिली. एकाचे पुढारी आप्पासाहेब, दुसऱ्याचे तात्यासाहेब. हे दोघे सख्खे साडू. आठवडाभर ते सभांमधून एकमेकांची सालटी काढायचे आणि रविवारी सासुरवाडीला एका पंगतीत बसून जेवायचे. हे गावाला माहीत होते. माहीत असूनही गावाने आपली भांडणे अगदी मनापासून केली, आणि गुरव म्हणतात, इथेच गावाची अक्कल कळते.

न्हावी तात्यासाहेबांचा निघाला, म्हणून निम्म्या गावाने दाढ्या वाढवल्या. भावकीतल्या दोन शेतकऱ्यांकडे एकेक बैल होता आणि दोघांची मिळून जोडी व्हायची; त्यांनी जोडी मोडली आणि दोघेही अर्धवट नांगरलेल्या रानाकडे बघत बसले. शेजारणींनी एकमेकींचे विरजण बंद केले. एका बारशाला निम्मे गाव गेले नाही, आणि पुढे त्या पोरीला नावाने हाक मारायचे नाही असेही त्यांनी ठरवले. ज्यांना पॅनेल हा शब्द धड म्हणता येत नव्हता, ते ‘आमचं प्यानल’ म्हणून छातीवर हात मारू लागले.

हैबती आप्पासाहेबांकडे गेला, कारण त्यांनी त्याला सभेत पुढच्या खुर्चीवर बसवले होते. तायाप्पा तात्यासाहेबांकडे गेला, कारण त्यांनी त्याला एकदा जीपमधून बाजारला नेले होते. याहून मोठे कारण कोणी शोधू नये. दोघांनाही राजकारणातले काही कळत नव्हते, म्हणून दोघांचीही मते पक्की होती.

एका सकाळी देवळाच्या पारावर तायाप्पाने नेहमीसारखी तंबाखूची चंची पुढे केली. हैबतीने हात मागे घेतला.

“आधी त्या तात्याचं पोष्टर दारावरनं काढ. मग तुझी तंबाखू खातो.”

“का? तुझा आप्पा लई देव लागून गेला?”

“तुज्या तात्यापरीस बरा हाय.”

पारावर दोन्हीकडची माणसे बसली होती. तेवढ्यावर ती हसून गप्प बसली असती तर सगळे तिथेच मिटले असते. पण लोकांनी कान टवकारले, कोणी तरी ‘आता बोल की’ म्हणून ढोसले, आणि तायाप्पाला चेव आला.

“आजपासनं तुझं नाव तोंडातनं काढलं, तर बापाचा न्हाई,” तो म्हणाला.

“मान कापली तरी मीबी तुझं काढत न्हाई,” हैबती म्हणाला.

दोघांच्याही पाठीवर आपापल्या लोकांनी थापा मारल्या. तायाप्पा घरी निघाला तो छाती पुढे काढूनच. चारचौघांत आपण कसे एका वाक्यात तोंड बंद केले, हे कोणाला तरी रंगवून सांगावे असे त्याला फार वाटत होते. हैबतीला सांगू, असे मनात आले, आणि तो वाटेतच थांबला. मग घरी जाऊन जेवला.

मतदानाला पाच दिवस राहिले असताना आडाच्या पाण्यात गाळ येऊ लागला. गावाला पाणी या एकाच आडाचे. बायकांनी रिकाम्या घागरी आधी आप्पासाहेबांच्या आणि मग तात्यासाहेबांच्या दारात आपटल्या. दोन्ही पॅनेलांची बैठक बसली. परगावची माणसे आणावीत असे एकाने सुचवले, पण मग गाळ काढल्याचे श्रेय कोणाचे, यावर दुपार गेली. शेवटी ठरले की दोन्हीकडचा एकेक माणूस घ्यावा, म्हणजे श्रेय निम्मे निम्मे होईल. आप्पासाहेबांकडून हैबती उतरेल, तात्यासाहेबांकडून तायाप्पा दोर धरेल. म्हणजे वीस वर्षांचीच जोडी, आता बैठकीच्या ठरावाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी आडाभोवती गाव लोटले. गाळ बघायला कोणी आले नव्हते. हैबतीला वर यायचे झाले की नाव घ्यावे लागणार, आणि तो ते घेतो की नाही, हे बघायला माणसे आली होती. आप्पासाहेबांचे लोक एका अंगाला, तात्यासाहेबांचे दुसऱ्या अंगाला. बायका, त्यांत हैबतीची बायको फुलाबाई, ढासळलेल्या काठाशी आपल्या घागरी घेऊन बसल्या होत्या.

हैबतीने दोर कमरेला बांधला. उतरण्याआधी त्याने मान वर केली आणि तायाप्पाच्या हातांकडे पाहिले. तोंडाने काही विचारले नाही. तायाप्पाला ते फार लागले. थोबाडीत दिली असती तरी इतके लागले नसते, असे तो पुढे म्हणायचा.

खाली पोचून त्याने दोर सोडला आणि त्याच दोराला बांधून गाळाची घमेली वर येऊ लागली. ठण्ण झाले की तायाप्पा ओढायचा, बायका गाळ लांब टाकायच्या, रिकामे घमेले पुन्हा खाली जायचे. दुपार डोक्यावर आली तेव्हा खाली पुन्हा ठण्ण झाले. तायाप्पाने ओढले आणि पहिल्या हातातच त्याला कळले की हा गाळ नव्हे. ते वजन त्याने वीस वर्षे तोलले होते. हैबतीने दोर स्वतःच्या कमरेला बांधला होता आणि घमेल्यावर खुरपे मारले होते. नाव घेण्यापेक्षा त्याने गाळ होऊन वर येणे पत्करले होते.

तायाप्पाचा चेहरा पाहून लोकांनी ओळखले. आप्पासाहेबांच्या बाजूने एकच गलका झाला. आपल्या माणसाने नाव घेतले नाही, आपला माणूस वाकला नाही. लगेच ‘आप्पासाहेबांचा विजय असो’ सुरू झाले. मग तात्यासाहेबांची माणसे तरी मागे कशी राहतील? त्यांनी त्याहून मोठ्याने तात्यासाहेबांचा विजय केला. एक माणूस आडात लटकत होता आणि वर दोन साडूंचा जयजयकार चालला होता.

हैबती कपारीच्या खालपर्यंत आला होता. आणखी पंधरा-वीस हात ओढले असते तर डोके काठाशी दिसले असते. पण तायाप्पाने पाय रोवले आणि तो थांबला. नाव आल्याशिवाय माणूस ओढायचा नाही, हा बापाचा नियम त्याला आठवला. खरे तर नियम निमित्ताला होता. सकाळी आपल्या हातांकडे पाहिलेली ती नजर त्याच्या मनातून जात नव्हती. एकदा नाव घे, एवढेच त्याला हवे होते; मग तो त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचला असता. आपणच वाकून ‘हैबती’ म्हणावे, असेही वाटले. पण चारशे डोळे त्याच्या तोंडाकडे लागले होते. तो दोर धरून उभा राहिला आणि कान देऊन ऐकू लागला. विजय असो, याखेरीज त्याला काही ऐकू आले नाही.

ढासळलेल्या काठाशी बायका उठून उभ्या राहिल्या होत्या आणि हात हलवत होत्या. बायकाही घोषणा देतायत, असे लोकांना वाटले.

किती वेळ गेला ते कोणी सांगत नाही. अचानक तायाप्पा मागे कोलमडला, कारण हातातला दोर हलका झाला होता. इतका वेळ एकाच जागी घासून कपारीने तो कापला होता.

आडात उतरायला कोणी पुढे झाले नाही. तायाप्पा स्वतः उतरला. त्याचा दोर दोन्ही पॅनेलांच्या बारा माणसांनी धरला, आणि तेव्हाही सहा इकडे आणि सहा तिकडे उभे राहिले होते. असे सांगतात की खाली पोचल्यापासून हैबतीला वर काढेपर्यंत तायाप्पा त्याचे नाव घेत होता, आणि या वेळी गाव गप्प असल्यामुळे ते वरपर्यंत स्वच्छ ऐकू येत होते. हैबती गेला होता.

आप्पासाहेबांचे पॅनेल अकरा मतांनी निवडून आले. हैबतीच्या तेराव्याला देवळापुढे शोकसभा झाली. आप्पासाहेब म्हणाले, हैबतीने प्राण दिला, पण विरोधकाचे नाव घेतले नाही. अशा निष्ठेवरच पॅनेल उभे असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेराव्याला टाळ्या वाजवणारे गाव दुसरे ऐकिवात नाही, असे गुरव म्हणतात. तात्यासाहेबांनीही येऊन तसबिरीला हार घातला आणि साडूला मोठ्या मनाने नमस्कार केला.

तायाप्पा मागे भिंतीला टेकून बसला होता. भाषण त्यालाही बरे वाटत होते. तेरा दिवस तो एकाच गोष्टीवर तगला होता: हाक आली नाही, म्हणून मी ओढले नाही. चूक झाली असेल, पण नियम मोडला नाही. आप्पासाहेब जे भर सभेत सांगत होते, तेच त्याला लोकांच्या तोंडून ऐकायचे होते.

फुलाबाई बायकांतून उठली आणि पुढाऱ्यांकडे न बघता त्याच्यापाशी येऊन उभी राहिली.

“भावजी, त्यांनी हाक मारली हुती,” ती म्हणाली. “तीनदा. तुमचंच नाव. आमी बाया ऐकत हुतो, हात हलवून तुमास्नी सांगत हुतो. तुमी समदी इजय असो करत हुता.”

आप्पासाहेबांनी घड्याळ पाहिले. तायाप्पा उठला, आडाशी जाऊन बसला, आणि म्हणे त्यानंतर त्याने आयुष्यात दुसरे काम केले नाही. लग्नाची वरात येवो की प्रचाराची जीप, तो रस्त्यात आडवा व्हायचा आणि हात जोडून म्हणायचा, “जरा गप ऱ्हावा. खाली मानूस हाय.” लोक आधी हसले, मग कंटाळले, मग त्यांना सवय झाली. त्याने अशीही रीत घातली की मतदानाच्या दिवशी, ज्याच्याशी अबोला धरला असेल त्याचे नाव घेऊन आडात एक हाक मारायची, आणि मग त्याच्या घरी जायचे. तो असेपर्यंत तो लोकांना हाताला धरून नेत असे. तो गेला, आणि रीत राहिली.

आजही खडकमाळला मत देऊन आलेली माणसे आडाशी रांग लावतात. प्रत्येक जण वाकून एक नाव घेतो, आवाज घुमेपर्यंत थांबतो, हात जोडतो आणि सरळ आपल्या घरी जातो. ज्याला हाक मारली त्याच्या घरी जायचा भाग गावाने केव्हाच सोडून दिला आहे. भिकू गुरव हे दर निवडणुकीला देवळाच्या पायरीवरून पाहतात. ते सांगतात, तायाप्पाच्या वेळी खाली एकच माणूस होता, आता निम्मे गाव आहे.