चुन्याचा गोल

कोळशाच्या जमान्यात अख्खी गाडी मी एकटा घाटावर चढवायचो. बरं, खोटं कशाला बोलू? मागून दुसरं इंजिन जीव खाऊन रेटायचं. मी पुढे नुसत्या शिट्ट्या मारायचो आणि सगळ्यांदेखत त्याला "ढकल्या" म्हणून चिडवायचो.

म्हातारपणी आम्हा दोघांना लष्कराच्या माळावर मागेपुढे उभं केलं. एका जवानाने माझ्या पोटावर चुन्याने मोठा गोल काढला. मला वाटलं, दसऱ्याची पूजा आहे! "बघ ढकल्या, इथेही मान माझाच!"

तेवढ्यात लांबून तोफ धडाडली. समोरच्या मालडब्यावर तसाच गोल होता. आता तिथे नुसता धूर होता. तोफेचं तोंड हळूहळू माझ्याकडे वळलं. 

"ढकल्या, राजा, एकदाच ढकल रे मला इथून!"

"का दादा? घाट तर तू एकटाच चढायचास ना?"