भांडलेल्याच्या हाती दोर

फार फार पूर्वीची गोष्ट. किती पूर्वीची ते मला विचारू नका, माझ्या आजीलाही ती ऐकूनच ठाऊक होती. एका डोंगराच्या पायथ्याशी मध काढणाऱ्यांचं गाव होतं. गावाच्या डोक्यावर एक कडा होता. वर बघायला जावं तर डोईचं मुंडासं मागे पडायचं, एवढा उंच. त्याच्या पोटाला सुपाएवढी आग्या मोहळं लटकलेली असत. चैत्रात त्या माश्या एकदम गुणगुणू लागल्या की तो आवाज कानात नव्हे, छातीत ऐकू यायचा. तान्हं पोरसुद्धा रडायचं थांबायचं.

मध काढणारा माथ्यावरून दोराने खाली उतरे. दुसरा माणूस काठावर पाय रोवून बसे आणि तो दोर कमरेला वेढून धरी. खालच्याचा जीव वरच्याच्या हातात. इथवर सगळं सरळ आहे. पण त्या गावची एक अजब रीत होती. पहिल्यांदा उतरणाऱ्याने दोर धरायला आईबापांना बोलवायचं नाही, जिवलगालाही नाही. वर्षभरात ज्याच्याशी सगळ्यांत मोठं भांडण झालं असेल, त्यालाच बोलवायचं. आधी दोघांनी एका पानावर भाकरी खायची आणि मग डोंगर चढायचा.

आता तुम्ही म्हणाल, हा कुठला शहाणपणा? बायजालाही तसंच वाटलं.

बायजा यंदा पहिल्यांदाच उतरणार होती. हात चपळ, पण राग नाकावर. तिच्यात आणि तिचा चुलतभाऊ हिरकू याच्यात विस्तव जात नव्हता. हिरकूच्या शेळ्यांनी तिचा काकडीचा वेल फस्त केला होता, तेव्हा रागाच्या भरात तिने त्या शेळ्या रानात सोडून दिल्या. त्यातली एक गाभण शेळी वाघाने नेली. तेव्हापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हती.

ती कान्हूआजाकडे गेली. गावातला सगळ्यांत म्हातारा मध काढणारा तो. अंगणात बसून आपट्याच्या सालीचा दोर वळत होता.

"आजा, हिरकूच्या हातात जीव देऊ मी? त्याने सोडला तर?"

"सोडला तर पडशील," आजा म्हणाला. हात काही थांबले नाहीत.

"थट्टा नको. ही रीत कशासाठी, ते सांग."

"सांगून कळायची नाही गं. तू जा, त्याच्यासंगं भाकरी खा, मनातलं बोल."

"मी आधी बोलू? आगळीक आधी त्याच्या शेळ्यांनी केली."

आजा हसला. "मग दोर झाडाला बांध बाई. झाडाची शेळी कुणी सोडली नाही."

थट्टेतलं बोलणं तिने मनावर घेतलं. झाडाला राग नसतो, झाड दगा देत नाही, असा तिने विचार केला. दुसऱ्या दिवशी उजाडताच कुणाला न सांगता ती माथ्यावर गेली. तिथल्या जुन्या अंजनाच्या झाडाला दोर बांधून ती उतरू लागली.

काय सांगू तुम्हाला! खाली दरीत धुकं भरलेलं. डोळ्यांपुढे काळाभोर कातळ आणि त्यावर लाखो माश्यांची लाट इकडून तिकडे सळसळत जाणारी. बायजा मध विसरली, हिरकूला विसरली. एवढ्या मोठ्या जगात आपण मुंगीएवढ्या आहोत असं तिला वाटलं, आणि भीतीऐवजी हात जोडावेसे वाटले. पण हात दोराला होते.

तेवढ्यात दोर थरथरला. काठावरच्या धारदार दगडाशी तो घासत होता. माणूस असता तर दोराखाली घोंगडी सरकवली असती. झाडाला ते कसं कळणार? सालीचा एकेक पदर तुटू लागला. बायजाने हाक मारली. अंजन आपला उभाच.

दोर तुटला. ती हातभर खाली गेली, आणि थांबली.

तिने वर पाहिलं. काठावर हिरकू होता. दोर तुटायच्या आधीच त्याने दगडाखालचा भाग पकडला होता, कमरेला वेढला होता आणि टाचा कातळात रोवल्या होत्या. त्याने तिला हळूहळू वर ओढून घेतलं. त्याच्या तळहाताची सालं निघाली होती.

"तू इथे कसा?" तिने धापा टाकत विचारलं.

"तू मला बोलवणार नाहीस, एकटीच येशील, हे ठाऊक होतं. तुझा स्वभाव माझ्याइतका कोण ओळखतो? वर्षभर तोच तर घोकतोय."

"मग सोडला का नाहीस?"

"हाताला तुझा भार लागला, आणि शेळी आठवेचना."

दोघं खाली आली. आजाने हिरकूच्या हाताला हळद लावली. बायजा मान खाली घालून बसली होती.

"आता सांगतो," आजा म्हणाला. "जिवलग माणूस दोर धरून बसला की निर्धास्त होतो. त्याला डुलकी लागते. भांडलेला माणूस पापणी लववत नाही. दोर चुकून निसटला तरी गाव म्हणेल, सोडला. गावाचं राहू दे, तो स्वतःच स्वतःला तसं म्हणेल. आणि पोरी, ज्याचा भार एकदा कमरेने पेलला, त्याच्यावर राग धरवत नाही. या गावात एकही जुनं वैर नाही, हे कधी तुझ्या ध्यानात आलं?"

बायजाने मान वर केली. जन्मापासून ती याच गावात राहत होती. विहिरीवर, खळ्यावर, पारावर बसलेली माणसं तिने जणू पहिल्यांदाच पाहिली. यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी आपल्या भांडलेल्या माणसाचा जीव हातात धरला होता, आणि जपला होता.

ती उठली, भाकरी घेऊन आली आणि हिरकूसमोर पान मांडलं. "शेळी माझ्यामुळे गेली. चुकलं माझं," ती म्हणाली. हिरकूने हात दुखत असतानाही भाकरीचा पहिला तुकडा मोडून तिच्या पुढ्यात ठेवला.

हिरकूचे हात बरे झाल्यावर ती पुन्हा कड्यावरून उतरली. दोर हिरकूने धरला होता. या वेळी वर पाहायची तिला गरज वाटली नाही.

म्हणून लहानमोठ्यांनो, एवढं लक्षात ठेवा: ज्याच्यावर राग आहे, त्याच्यावर एकदा विश्वास टाकून पाहावा, वैर तिथेच संपतं.