महाराजांच्या कॉम्प्युटरची देवडी

“माझ्या महालात कुणीतरी फितूर आहे!” आंबेघाटचे महाराज कॉम्प्युटरपुढे बसून गरजले. “तोच या भामट्यांना आत सोडतोय!”

झालं होतं असं, की महाराज कुस्तीच्या बातम्या उघडून बसले की पडद्यावर गुडघ्याचं तेल यायचं, टकलावरचं औषध यायचं. काल तर ‘तुम्ही हत्ती जिंकलात’ असं आलं. पदरी नऊ हत्ती असूनही महाराजांनी क्लिक केलं, आणि व्हायरस शिरून कॉम्प्युटर दिवसभर बंद.

दोष कुणाचा? नको ती माणसं अडवणं हे देवडीवाल्याचं काम, म्हणून देवडीवाल्या भिवाजीचा! उद्या दुपारपर्यंत पडद्यावर एकही भामटा दिसता कामा नये, कुस्ती मात्र दिसलीच पाहिजे. नाहीतर नोकरी गेली आणि देवडीशेजारची खोलीही. भिवाजीला माऊससुद्धा धड धरता येईना. त्याने लेकीला, सगुणाला, पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी पान उघडलं. कुस्ती होती. तेल नव्हतं. हत्तीच्या जागी नुसता पांढरा चौकोन. महाराजांनी पडद्यामागेही वाकून पाहिलं.

“कुठे कोंडलंस त्यांना?” त्यांनी सगुणाला विचारलं.

“ते आपणहून येतच नव्हते, महाराज. तुमचा कॉम्प्युटरच त्यांना आवतण द्यायला जायचा. पान म्हणालं, तेलवाल्याला बोलाव, की हा निघाला. पण निघण्याआधी तो घरातली पत्त्यांची वही बघतो. तीत नाव नसेल तरच बाहेर विचारतो. मी वहीत चारशे भामट्यांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे पत्ता घातला याच्याच घराचा. आता हा स्वतःचंच दार ठोठावतो. तिथे तेलवाला कुठला? बसतो गप्प.”

“ही अक्कल कुणाची?”

“देवडीची. राणीसाहेबांना जे पाहुणे पंक्तीला नको असतात, आवतणांच्या यादीत त्यांच्या नावापुढे बाबा महालाच्याच मागल्या दाराचा पत्ता लिहितात.”

भिवाजीने डोळे मिटले. शेजारी बसलेल्या राणीसाहेब खिडकीबाहेर पाहू लागल्या. महाराज असे हसले की फेटा सुटला. धाकटे चुलतभाऊ तीन वर्षं जेवायला का आले नाहीत, ते त्यांना आज कळलं. भिवाजीची देवडी कायम राहिली. कॉम्प्युटरची देवडी सगुणाला मिळाली, पगारासकट.

दाराशी आवतणं वाटणारा परगावचा लक्षा उभा होता. तो डोकं खाजवत म्हणाला, “तरीच धाकट्या सरकारांच्या घरचं ताक अगदी आपल्या ताकासारखं लागायचं.”