उरलेला दगड

"सांगून टाकू का तिला?"

हिवराजने हे तिसऱ्यांदा विचारलं.

डाकरामजी ओसरीवर बसून उकडलेले शिंगाडे खात होते. काटे बोटांना लागू न देता मधोमध दातांनी फोडायचा, पांढरा गर काढायचा. त्यांनी एक सोललेला हिवराजपुढे धरला.

"खा."

"मी काही विचारून राहिलो ना, जी..."

"गरम आहे तोवर खा."

हिवराजने खाल्ला.

आंबेतालचं उद्यान म्हणजे एक तलाव, तलावाच्या बांधाची जुनी पाळ, पाळीवर एक पडकं देऊळ, एक मचाण, आणि आली असली तर बदकं. डाकरामजी इथले पहिले गाईड. तीस वर्षं त्यांनी पर्यटकांना एवढंच सांगितलं: हा तलाव, हे देऊळ, इथे पाय घसरतो. त्यांच्या काळात कोणाचाही पाय घसरला नाही. तक्रारवहीत मात्र 'माहिती अपुरी' असं सदतीस वेळा लिहिलेलं आहे.

पुढे त्यांनीच हिवराजला शिकवलं आणि आपली जागा दिली. हिवराजने ठरवलं, माहिती पुरी करायची.

पाळीवर पर्यटकांसाठी संडास बांधला तेव्हा एक दगड उरला होता. कोहळ्याएवढा. मिस्त्रीने फोडायला म्हणून छिन्नी लावली, भोक पडलं, तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली. दगड तिथेच राहिला.

नागपूरहून आलेल्या एका घोळक्याने विचारलं, हे काय आहे. खरं सांगायला चार शब्द पुरले असते. हिवराजने पाऊण तास सांगितलं. हा ऐकणारा दगड, चौदाव्या शतकातला. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलं त्याच्यासाठी या भोकात बोला. त्याच्यापर्यंत पोचतं. तो मेलेला असला तरी.

घोळक्यातला एक जाडजूड माणूस भोकात काहीतरी बोलला आणि रडला. हिवराजला फार मजा आली.

मग एक साहेब आले, त्यांनीही ऐकलं, वहीत लिहून घेतलं. दोन महिन्यांनी दगडाभोवती लोखंडी कठडा आला. कठड्याला फाटक आलं. वर बोर्ड लागला. 'प्राचीन श्रवणशिला, बारावे शतक.'

हिवराजला थोडं वाईट वाटलं. चौदावं त्याने विचार करून काढलं होतं.

आणि मग फुलनबाई यायला लागली.

फुलनबाई तलावाच्या अलीकडच्या काठावरच्या गावची. साठीची. मंगळवारचा बाजार करून यायची, पिशवी कठड्याला अडकवायची, फाटक उघडून त्याच्या तोंडाशीच बसायची आणि भोकाशी तोंड नेऊन बोलायची. बहिणीशी.

बहीण पलीकडच्या काठावर दिलेली होती. आईच्या पाण्याच्या पितळी गुंडीवरून दोघींचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. अकरा वर्षं बंदच राहिलं. रोज सकाळी पाण्याच्या पल्याड बहिणीच्या चुलीचा धूर दिसायचा. गेल्या उन्हाळ्यात तो दिसेनासा झाला. फुलनबाई मातीला गेली नाही. गुंडी तिच्याकडेच आहे. ती त्यात पाणी भरत नाही.

हे सगळं हिवराजला माहीत होतं, कारण त्याची उभं राहायची जागा कठड्यापासून दहा पावलांवर. पहिल्या मंगळवारी तो मचाणामागे जाऊन हसला. दुसऱ्या मंगळवारी त्याने दोन वनरक्षकांना ऐकायला बोलावलं. तिसऱ्या मंगळवारी कोणालाच बोलावलं नाही.

मागच्या मंगळवारी तिने त्याला हाक मारली.

"बाबू, बहिणीचं उत्तर कुठून येते?"

सवय वाईट. तोंडातून निघून गेलं, "पाण्यावरून येतं, मावशी. वेळ लागतो."

ती बरं म्हणाली आणि पाण्याकडे तोंड करून बसली. दुपार गेली. बदकं आली, गेली. उद्यान बंद करायच्या वेळी त्यालाच तिला उठवावं लागलं. उठताना ती म्हणाली, आज नसेल आलं.

त्या दिवसापासून हिवराजला जेवण जात नव्हतं. म्हणून तो डाकरामजींच्या ओसरीवर आला होता.

"खोटं आहे ते, जी. माझंच आहे. ती म्हातारी त्याच्यावर जीव टाकून बसलीय. सांगायला पाहिजे ना?"

"कोणासाठी?"

"म्हणजे?"

"पोट कोणाचं दुखून राहिलं? तिचं का तुझं?"

हिवराज म्हणाला, खरं ते खरं. तुम्ही तीस वर्षं खरंच सांगत आलात. मी तुमचाच चेला.

डाकरामजींनी पुढचा शिंगाडा फोडला.

गुरू गप्प बसला की शिष्य त्याचा अर्थ आपल्याला हवा तोच काढतो. हिवराजने काढला. उठला, पाया पडला, गेला.

मंगळवारी फुलनबाई आली. तिने पिशवी अडकवायच्या आत हिवराजने सगळं सांगून टाकलं. दगड, संडास, मिस्त्री, जेवायची सुट्टी, नागपूरचा घोळका. काही लपवलं नाही. शेवटी हात जोडले. सांगताना त्याला मध्येच असंही वाटून गेलं, की आपण हे छान सांगतोय.

फुलनबाईने ऐकून घेतलं.

"मले माहीत हाय," ती म्हणाली. "तो दगड मीच आणला होता."

हिवराजने दगडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"संडासाच्या कामावर होती मी. डोक्यावर आणला. आठ दिवस मान दुखली."

हिवराजचे हात जोडलेलेच राहिले. त्याने विचारलं, मग इथं कशाला येत होतात, मावशी.

"घरी बोलली त सून म्हणते, बुढी येडी झाली. घाटावर बोलली त बाया ऐकतात. इथं बोर्ड हाय. बोर्डासमोर बोललं त कोणी काई म्हणत नाई."

"पण उत्तराचं विचारलंत ते?"

"तू काय सांगतं ते पाह्यलं. चांगलं सांगतलंस. त्या दिवशी किती वेळ बसाले भेटलं मले."

हिवराजला इतकं हलकं वाटलं की तो हसला. म्हणाला, मग झालं तर. बसा, बोला. मी तिकडे जातो.

फुलनबाई बसली नाही.

"आता कशी बोलू, बाबू? तुले वाटे, बुढीले काई माहीत नाई. म्हणून तू तिकडे तोंड करून उभा राहे आन मी बोलत जाओ. आता तुले समजलं, मले सारं माहीत हाय. आता बोलली त तुह्यासमोर येडीच ना मी."

तिने पिशवी खांद्याला लावली. पाळीवरून दहा-बारा पावलं गेली, थांबली. वळली नाही.

"आज तिले गुंडीचं सांगाचं होतं," म्हणाली.

नंतरच्या मंगळवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाजाराहून ती आता खालच्या रस्त्याने जायची. तो रस्ता अर्ध्या कोसाने लांब पडतो. हिवराजने मचाणावर चढून पाहिलं. पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेत, तोंड मिटून, ती चालली होती.

एकदा तो तिच्या घरी गेला. सून दारात आली, आई झोपल्या आहेत म्हणाली. आतून भांडी घासण्याचा आवाज येत होता.

हिवराज पुन्हा ओसरीवर आला. झालं ते सांगितलं. यावेळी छान सांगता आलं नाही.

"तुम्ही नको म्हणायला पाहिजे होतं, जी."

"हो," डाकरामजी म्हणाले.



मग डाकरामजींनी चपला घातल्या. निवृत्त झाल्यापासून ते उद्यानात आले नव्हते. पाळीवर चढताना एका जागी त्यांनी हिवराजचा दंड धरला. तिथे पाय घसरतो.

कठड्याचं फाटक उघडून ते वाकले, दगड उचलला, पोटाशी धरला आणि पाळीच्या कडेला आणून सोडून दिला. डुबुक असा आवाज झाला.

"जी, ते सरकारी आहे," हिवराज म्हणाला.

"संडासाचं आहे."

पाण्यावरची वर्तुळं मोठी होत होत पलीकडच्या काठाकडे गेली. तिकडच्या गावात कोणीतरी चूल पेटवली होती. डाकरामजींनी तिकडे पाहिलं नाही. फाटक उघडं धरून ते उभे राहिले आणि मानेने हिवराजला आतली जागा दाखवली.

हिवराज आत जाऊन बसला. कठडा कोहळ्याच्या मापाचा. गुडघे हनुवटीला लागले.

गोंदियाकडचं एक कुटुंब आलं. नवऱ्याने बोर्ड मोठ्याने वाचला. बायकोने हिवराजकडे पाहिलं, पुन्हा बोर्डाकडे पाहिलं, पदर नीट केला. त्यांनी फोटो काढला. जाता जाता नवरा मागे राहिला, कठड्याला हात लावून थोडा वेळ उभा राहिला. त्याचे ओठ हलले. हिवराजने तोंड उघडलं...

डाकरामजींनी त्याच्याकडे पाहिलं. हिवराजने तोंड मिटलं. तो माणूस आपलं बोलून, नाक पुसून, बायकोच्या मागे गेला.

ऊन कलायला लागलं. मंगळवार होता. खालच्या रस्त्याने बाजारची माणसं चालली होती. त्यात एक पिशवी ओळखीची होती. ती देवळाखालच्या वळणावर क्षणभर थांबली, असं हिवराजला वाटलं. मग झाडं आड आली.

"मी रोज बसेन, जी," तो म्हणाला.

डाकरामजींनी फाटक लोटलं.

"दर मंगळवारी तर बसेनच."

डाकरामजींनी बोर्डावरची धूळ हाताने पुसली.

"पण ती आलीच नाही तर?"

डाकरामजींनी फाटकाची कडी बाहेरून लावली आणि पाळ उतरायला लागले.

"दगडानं विचारलं होतं का असं?"