कोपऱ्यावरचा प्लॉट

"...पण बाबा, मी खोटं कुठं बोलतोय? फक्त सगळं सांगत नाही. एवढ्यानं पाप लागतं?"

भीमगीर बाबा मठाच्या ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

उद्धव टेकाळे त्यांच्यासमोर उकिडवा बसला होता. तालुक्यात जमिनीचा व्यवहार म्हटलं की लोक त्याचंच नाव घेत. सातबारा स्वतः तपासावा, मोजणी डोळ्यांदेखत करून घ्यावी, रस्ता व्हायच्या आधी घ्यावं आणि डांबर पडलं की विकून मोकळं व्हावं, जमिनीत जीव अडकवू नये... असं तो चारचौघांत सांगायचा. एकदा तर त्यानं बाबांनाच मठाच्या आमराईचे प्लॉट पाडा म्हणून सल्ला दिला होता. बाबा तेव्हा नुसते हसले होते.

मग माळावर कारखाने येणार अशी हवा उठली. भाव रोज चढायला लागले. उद्धवला घाई झाली आणि त्या एका वेळी त्यानं स्वतःचेच नियम बाजूला ठेवले.

थोरला भाऊ शेषराव नुकताच एसटीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त झाला होता. त्यानं फंड उचलला, गावातलं घर विकलं आणि सगळं धाकट्याच्या हाती दिलं. "तुला कळतं यातलं," एवढंच म्हणाला. उद्धवनं त्या पैशांत त्याच्या नावावर माळावरचा एक प्लॉट घेतला.

कारखाने दुसऱ्या जिल्ह्यात गेले. माळावर कुसळं उरली.

आता शेषरावाच्या किडन्या गेल्या होत्या. तो आणि वहिनी एका भाड्याच्या खोलीत राहत होते.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाईक आलंय, बाबा. प्रणिता सिस्टर. दवाखान्यात नर्स आहे, म्हातारी आई आहे सोबत. त्यांना जागा आवडलीय. उद्या रजिस्ट्री. हा व्यवहार झाला तर दादा जगेल."

बाबांनी देठं बाजूला सारली.

"मला दे ती जागा."

"चेष्टा करू नका, बाबा."

"चेष्टा कसली? मठ रस्त्यात जातोय. रस्त्याचे लोक खुणेचे दगड रोवून गेलेत. मला कुठंतरी जायचंच आहे." बाबांनी डोळे मिटले. "सांग. त्या बाईला सांगितलंस तसंच सांग."

उद्धव घुटमळला. मग सवयीनं त्याचा आवाज मोकळा झाला, पाठ ताठ झाली.

"कोपऱ्यावरचा प्लॉट आहे. पूर्वाभिमुख."

"वाट?"

"तीस फुटी. नकाशात दाखवलीय."

"पाणी?"

"बोअर आहे प्लॉटवरच."

"कागद?"

"सातबाऱ्यावर नाव चढलंय दादाचं."

"शेजार?"

"शांत. अजिबात कटकट नाही."

एकही शब्द खोटा नव्हता. उद्धवला जरा बरंसुद्धा वाटलं.

"घेतली," बाबा म्हणाले.

ते उठले. घोंगडी घडी करून खांद्यावर टाकली. कोनाड्यातला चिमटा झोळीत घातला. मग ओसरीच्या टोकाला गेले, पाण्यानं भरलेल्या रांजणाला दोन्ही हात लावले आणि तो कलता केला.

पाणी भसाभस अंगणात सांडलं. तापलेल्या मातीनं ते बघता बघता पिऊन टाकलं.

"बाबा! हे काय करताय?"

"आता इथलं कशाला लागतंय? तिथं बोअर आहे ना?"

रांजण आणखी कलला. खालच्या विहिरीपासून मठाच्या पायऱ्या चढून हे पाणी बाबांनी स्वतः आणलेलं होतं, आणि ते आता तळाला गेलं होतं. उद्धव धावला. त्यानं रांजणाचा काठ धरला.

"सांडू नका! तिथं पाणी नाही!"

बाबा थांबले.

"बोअर कोरडं आहे. पहिल्या दिवसापासून. वाटसुद्धा नुसती नकाशातच आहे, पुढच्या शेतवाल्यानं तारेचं कुंपण घातलंय. शेजार शांत आहे, कारण शेजारी कोणी नाहीच... कोणी घर बांधलंच नाही. मूळ मालकाच्या बहिणींनी हिश्शासाठी दावा लावलाय."

"कधी?"

"...आम्ही घेतली त्याच्या आधी."

"तुला माहीत होतं?"

उद्धवनं रांजण सरळ केला.

"वाटलं होतं, मिटेल. अशा केसेस मिटतात, बाबा. कितीतरी मिटवल्यात मी."

बाबा खाली बसले. भाजीची जुडी परत पुढ्यात ओढली.

उद्धव बराच वेळ अंगणातल्या ओल्या डागाकडे पाहत उभा राहिला. डाग आक्रसत गेला. मग त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि पायऱ्यांवर जाऊन सिस्टरला फोन लावला. कोरड्या बोअरपासून दाव्यापर्यंत, बाबांना सांगितलं तेच, त्याच क्रमानं सांगितलं.

"हॅलो... सिस्टर?"

"आईनं देव्हाऱ्याची जागासुद्धा ठरवली होती हो," ती म्हणाली. तिनं फोन ठेवला.

तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"झालं. गेलं गिऱ्हाईक. आता ही गोष्ट तालुकाभर होईल. तो प्लॉट कुणी फुकटसुद्धा घेणार नाही, आणि माझ्या हातचा दुसरा प्लॉटही कुणी घेणार नाही." त्यानं बाबांकडे बोट रोखलं. "तुमचं काय, बाबा? तुम्ही घोंगडी उचलून कुठंही जाल. पण आज तुम्ही माझ्या भावाला मारलंत!"

बाबांचा हात देठावर थांबला.

उद्धव खांबाला टेकून खाली घसरला. त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं. तसाच तो बोलू लागला.

"दादा रोज विचारतो, बाबा. सुया लावलेल्या असतात, तरी मान वळवून विचारतो... उद्धवा, आलं का रे कोणी? मी म्हणतो, येतंय. मग तो वहिनीला सांगतो, बघ, आपल्या उद्धवानं शब्द दिलाय म्हणजे होणारच."

अंगण आता पुरतं कोरडं झालं होतं.

"आज काय सांगू त्याला? सिस्टरचं सांगू? माझ्या तोंडानं मीच गिऱ्हाईक परत पाठवलं म्हणून सांगू?"

"दाव्याचं ठाऊक आहे त्याला?"

उद्धवनं मान वर केली. मग हळूच नकारार्थी हलवली.

बाबांनी निवडलेली भाजी सुपात गोळा केली. उठता उठता त्यांनी उद्धवच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

"तुझं पहिलं गिऱ्हाईक तोच ना रे?"